बोगी मोकळी आहे

हे तुम्ही हळू वाचा, कारण मला हळू सांगता येत नाही. मी बोलायला लागले की एका दमात बोलते आणि मधेच श्वास संपतो, आमचे हे म्हणतात, तुला कोणी मागं लागलंय का. हो, लागलेलंच आहे. एक इंजिन लागलंय, आणि ते बंद इंजिन आहे, त्याच्यात करंट नाही काही नाही, तरी लागलंय.

मी दर्शना. दिवा स्टेशनजवळ राहते. नववी अर्धी झाली तेव्हा शाळा सुटली. माहेर डोंबिवलीच्या खाडीला, माझे बाबा खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडायचे, त्यांच्या आधी त्यांचे बाबा. मला एक मुलगी, आर्वी, तेव्हा तिला दात येत होते, सगळं तोंडात घालायची, माझं मंगळसूत्रसुद्धा. मी कल्याणच्या यार्डात ठेकेदाराकडे कामाला. आधी झाडू मारायचे, मग इंजिनं धुवायला घेतलं, आणि मग मला आणि शहाडच्या मंगलताईला मोरेकाकांच्या हाताखाली दिलं. मोरेकाका फिटर. बायकांना फिटरच्या हाताखाली देत नाहीत सहसा. म्हणून मला त्याचं लई वाटायचं. घरी सांगताना मी 'सफाई' म्हणायचे नाही, 'बोगी सेक्शन' म्हणायचे.

आता बोगी म्हणजे काय, हे मला आधी सांगायला पायजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. तुम्ही आम्ही डब्याला बोगी म्हणतो ना, 'कोणत्या बोगीत बसलीस', तसं. यार्डात तसं नाही. यार्डात बोगी म्हणजे इंजिनाच्या खालची गाडी. लोखंडाची चौकट, तिच्यात चाकं, ब्रेक, मोटर, सगळं. वरचं धड वेगळं, ते नुसतं त्या खालच्या दोन गाड्यांवर टेकलेलं असतं, म्हणून तर एवढं लांब इंजिन वळणावर वळतं. पहिल्या दिवशी काका म्हणाले, "बोगीखालची घाण काढ," तर मी तिकडं उभ्या असलेल्या एका डब्याखाली जाऊन बसले. मंगलताई एवढी हसली की तिला ठसका लागला. "अगं बाई, ती बोगी पॅसेंजरांची, आपली बोगी ही!"

तर आमच्या यार्डात एक जुनं इंजिन आलेलं. एकदम जुनं, विजेवर गाड्या नवीन नवीन चालायला लागल्या तेव्हाचं. ते रंगवून, साफ करून लोकांना बघायला बाहेर ठेवायचं होतं. त्याला सगळे खेकडा म्हणायचे. मला वाटलं रंगावरनं म्हणत असतील. मग बघितलं तर मधे एक खोली आणि दोन्ही बाजूला लांब लांब नाकं, आणि ती नाकं त्या बोग्यांबरोबर वळतात, खोली मधेच राहते. जुने लोक सांगायचे, चालताना हलायचं पण तसंच, अंग टाकत, आणि कण्हायचं. मी खाडीवरची, मला खेकडा काय सांगता. पण मला ते आवडलं नाही. चिंबोरी पकडताना बाबा एकच सांगायचे, ती हलत नाही म्हणजे मेली असं धरू नको.

नवीन इंजिनात काय असतं, प्रत्येक चाकाच्या जोडीला तिची तिची मोटर. एक जोडी हलली तर ती हलली, बाहेरून काही दिसत पण नाही. या खेकड्यात तसं नाही. एका बोगीत तीन जोड्या, मोठी आरे असलेली चाकं, जुन्या बैलगाडीसारखी पण लोखंडाची, आणि तिन्ही चाकांना बाहेरून एकच रॉड. आडवा, माझ्या मांडीएवढा जाड. मोटरी वर बसवलेल्या, त्या आधी एक वेगळाच गोल फिरवतात, तो रुळाला टेकतच नाही, आणि तो गोल रॉडला ओढतो, आणि रॉड चाकांना. म्हणजे एक चाक बोटभर हललं तर तिन्ही हलणार, आणि रॉड वर जाणार, पुढं जाणार, खाली येणार. खाली येणार हे लक्षात ठेवा.

तेव्हा एक चष्मेवाला मुलगा कॅमेरा घेऊन यायचा, परवानगीचा कागद गळ्यात लावून. इंजिनाचे फोटो काढायचा आणि दर वेळी मला म्हणायचा, "ताई, जरा बाजूला व्हाल?" एकदा मी म्हटलं, माझ्यासकट काढ की, मी पण जुनीच आहे. तो लाजला. मग त्यानं मला समजावलं. म्हणाला, "ताई, हे सी-सी आहे."

मी म्हटलं, "कुठं लावलाय? मला कोणी सांगितलं नाही." मी इकडं तिकडं बघायला लागले, मला वाटलं सीसीटीव्ही.

तो म्हणाला, "नाही हो, चाकांची मांडणी. ए म्हणजे ओढणारी एक जोडी, बी म्हणजे दोन, सी म्हणजे तीन. याच्या दोन्ही बोग्यांत तीन तीन, म्हणून सी-सी." आणि पलीकडच्या रुळावर एक पॅसेंजरचं जुनं इंजिन होतं, त्याच्या पुढं लहान चाकांच्या दोन जोड्या, मग मोठ्या तीन, मग मागं एक लहान. ते म्हणे दोन-सी-एक. आकडा लिहिला की ती नुसती वजन धरणारी, वाट दाखवणारी चाकं. अक्षर लिहिलं की ती ओढणारी. पळायचं असेल तर पुढं वाट दाखवणारी लागतात, आणि घाटात ओझं ओढायचं असेल तर सगळी अक्षरंच पायजेत, म्हणून खेकड्याला एकही आकडा नाही.

मला हे एवढं पटलं की मी घरी जाऊन सांगितलं, आपल्या घरात मी अक्षर आहे, बाकी सगळे आकडे. संध्याकाळी टँकर आला तेव्हा सासूबाई हंडा घेऊन पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "बघ गं, आकडा चाललाय."

हसायचं ते एवढंच. आता पुढचं.

आमचं काम काय होतं, तर चाकाच्या मागच्या बाजूला वर्षानुवर्षांचं ग्रीस बसलेलं, काळं, दगडासारखं, ते पत्र्यानं खरवडायचं. आणि रॉडच्या खिळी असतात, मोठ्या, त्यांत नवीन ग्रीस भरायचं. पण चाक जिथं थांबलंय तिथं सगळंच हाताला येत नाही. काही जागा वर चौकटीच्या आड जाते. मग काय करायचं, पुढं एक डिझेल इंजिन जोडलेलं, त्यानं खेकड्याला हातभर ओढायचं, चाक थोडं फिरतं, नवीन जागा समोर येते. मग चाकाखाली लाकडाचे गुटके लावायचे, दोन्ही बाजूनं, आणि मग आम्ही आत जायचं. झालं की बाहेर यायचं, गुटके काढायचे, परत हातभर. डिझेल पुढं-मागं करायला शंटर, सावंतदादा. जाडजूड माणूस, तोंडात कायम बडीशेप. त्यांना तिथनं मागची बोगी दिसायची नाही, खेकड्याचं नाक मधे यायचं. काका ओरडायचे, झेंडा दाखवायचे, ते ऐकून सावंतदादा ओढायचे.

आणि आमचा, म्हणजे मंगलताईचा आणि माझा, एक नियम होता, एका बोगीत एकच बाई. कारण जागाच नाही, दोघी गेलो तर एकीचा पत्रा दुसरीच्या डोळ्यात. म्हणून आम्ही आत जायच्या आधी विचारायचो, "मोकळी आहे का गं?" जसं चाळीत संडासाला विचारतात. आतली असली तर म्हणायची, "नाही, मी आहे!" नसली तर बाहेरची म्हणायची, "मोकळी आहे, जा."

त्या दिवशी ऊन होतं. मी पाणी प्यायला गेलेले, नळ लांब, त्यात आर्वीची आठवण आलेली, सकाळी ती माझ्या आईकडं सोडताना कधी नाही ते रडली होती, माझं बोट सोडत नव्हती. त्याच डोक्यानं मी परत आले. खेकड्याच्या मागच्या बाजूनं आले. काका पलीकडच्या अंगाला होते, मला फक्त त्यांचा आवाज आला. मोठ्यानं, नेहमीसारखा.

"मागची बोगी मोकळी आहे!"

मला वाटलं मला सांगतायत. मंगलताई आत नाही, तू जा. मी गेले.

आता तुम्हाला कळलं असेल. फिटर लोकांत मोकळी म्हणजे गुटके काढले, ब्रेक नाही, आता ही सुटी आहे, हलवायला हरकत नाही. काका ते सावंतदादांना सांगत होते. एवढे दिवस ते सांगायचे तेव्हा आम्ही दोघी बाहेर त्यांच्या बाजूलाच उभ्या असायचो, झेंडा बघत, त्यामुळं ते काय ओरडतात इकडं कधी लक्षच गेलं नाही. मी खाली गुटका आहे का बघितलं नाही. काका ओरडलेत म्हणजे झालं, असं.

मी रॉडच्या खालनं सरपटत आत गेले. पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मधे जागा असते, तिथं रुळावरच आडवं पडायचं, कमरेखालचा भाग बाहेर, वरचा आत, आणि हात वाकडा करून चाकाच्या पाठीमागं घालायचा. रूळ पोटाला चटका देत होता. मी पत्रा लावला, दोन-चार वेळा ओढला असेल, आणि मला वाटलं आपण हलतोय. म्हणजे चक्कर आली असं वाटलं. मग दिसलं की मी नाही, चाक हलतंय. आरा माझ्या नाकासमोरनं वर चालला होता.

आवाज काही नाही बघा. मला वाटायचं असं काही होताना मोठा आवाज होत असेल. इतकं जड लोखंड आणि नुसतं तेलाचं फस्स फस्स. मागचं चाक माझ्या कमरेकडं येत होतं आणि पाठीवर रॉड. खाली येत होता. पाठीला टेकला, गरम होता, आणि मला एवढंच कळलं की बाहेर जायची वाट बंद झाली, कारण बाहेर जायची वाट म्हणजे त्या रॉडच्या खालची फट. मी ओरडले नाही. ओरडायचं सुचलंच नाही. मी आत घुसले. उलट्या बाजूला, इंजिनाच्या पोटात, दोन रुळांच्या मधे. गुडघे सोलले, चप्पल राहिली, पण पाय आत आले. मी खडीवर उताणी पडले आणि वर ते सगळं, पाइप, साखळी, काळं.

आणि मग कमरेला ओढ बसली. ओढणी. मी ती कमरेला गच्च बांधलेली, गाठ मारून, आणि तिचं टोक चाकाखाली गेलेलं. चाक पुढं चाललं तशी ती मला परत रुळाकडं ओढायला लागली. गाठ सुटेना. नखं तुटली माझी. मी देवाचं नाव घेतलं नाही, आईचं घेतलं नाही, मी नुसतं 'आर्वी दूध, आर्वी दूध' असं म्हणत होते, अर्थ काही नाही त्याला.

मग थांबलं. हातभर झालं असेल.

माझा रुळाला खांदा लागलेला. मी जिवंत होते. आणि तेव्हा खरी भीती वाटली, कारण आतापर्यंत भ्यायला वेळच नव्हता. बाहेर कोणाला माहीतच नाही मी आत आहे. काका म्हणणार, अजून थोडं. ते नेहमी म्हणायचे, 'अजून थोडं.' मी ओरडायला तोंड उघडलं तर आवाज नाही. नुसती हवा. पत्रा हातातच होता, तो मी वर लोखंडावर मारला, टण टण, पण यार्डात टण टण कोणाला नवीन आहे? शेजारीच दोघं हातोडा मारत होते.

काकांचा आवाज आला, "सावंत, अजून थोडं घे!"

आणि मंगलताई किंचाळली.

तिला चाकाखालून बाहेर आलेलं कापड दिसलं. पिवळं. तिनं आणि मी ती ओढणी उल्हासनगरला एकाच दुकानातून घेतलेली, तिची हिरवी. ती अशी किंचाळली, "ए सावंत! थांब रे मेल्या! पोरगी आत हाय! थांब!" आणि ती नुसती ओरडली नाही, ती डिझेलकडं पळाली, हातातली बादली त्याच्या काचेवर फेकून मारली. काच फुटली नाही, पण सावंतदादांनी हँडलवरचा हात काढला.

मग मला बाहेर काढलं. काकांनी ओढणी कात्रीनं कापली, घाईत माझ्या कुर्त्याला पण भोक पाडलं. ते म्हणाले, "अगं, मी मोकळी म्हणालो ना! मोकळी म्हटल्यावर आत कशाला गेलीस?"

मी म्हटलं, "मोकळी म्हणालात म्हणूनच गेले."

मंगलताईला कळलं आधी. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अरे देवा. हे फिटरचं मोकळं आणि आपलं मोकळं!"

सावंतदादा खाली उतरलेच नाहीत. वर कॅबिनमधे बसून राहिले, दार लावून.

मी माहेरी गेले, आर्वीला घ्यायला. आईला काही सांगितलं नाही, पण तिनं माझे गुडघे बघितले. "काय झाला गो? पडलीस?" मी म्हटलं, हो. आर्वी झेपावली माझ्याकडं आणि मी तिला घेतलं तर माझे हात एवढे हलत होते की ती हसायला लागली, तिला वाटलं मी खेळवतेय. मग पाजायला घेतलं तर दूधच उतरेना. ती चोखायची, सोडायची, माझ्या तोंडाकडं बघायची, परत चोखायची. मग रडली. आईनं तिला पेज भरवली आणि माझ्या पाठीवरनं हात फिरवला, तिथं रॉडचं काळं लागलेलं होतं, कुर्त्यावर आडवा पट्टा. ती हाताला लागलेलं काळं बघत बसली. म्हणाली, "उद्या नको जाऊ गो." आमचे हे पण घरी तेच म्हणाले, आणि ते चिडले नाहीत, हळू म्हणाले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

चूक कोणाची ते मी ठरवलं नाही. काकांनी वीस जणांसमोर माझी माफी मागितली, आणि त्या दिवसापासून त्यांनी तो शब्दच बदलला, आता 'गुटका काढला, हलणार' असं ओरडतात, आणि ओरडायच्या आधी प्रत्येकीचं नाव घेतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराचा माणूस आला, तो म्हणाला, "हे बघ, भीती वाटत असेल तर परत झाडूवर जा. उगाच आमच्या डोक्याला ताप नको." वाईट नाही म्हणाला तो. सरळ म्हणाला. झाडूवर काय वाईट आहे, मीच मारत होते. पण मला माहीत होतं, मी एकदा झाडूवर गेले की परत कोणी मला चाकाजवळ येऊ देणार नाही, आणि मंगलताईला पण नाही, आणि आमच्यानंतर येणाऱ्या कोणत्याच बाईला नाही. म्हणतील, एक घातली होती, घाबरली.

घाबरले तर होतेच. यार्डाच्या फाटकातून आत येताना मी तिथंच भिंतीला धरून उभी राहिले. मागच्या बोगीच्या आतल्या बाजूची एक खीळ राहिली होती. तेवढीच. बाकी सगळं झालेलं.

मी काकांना म्हटलं, मी करते. पण माझी एक अट आहे. मी आत असेपर्यंत सावंतदादा वर डिझेलमधे बसायचे नाहीत. खाली येऊन माझ्या डोळ्यांसमोर थांबायचे.

कोणीतरी हसलं. म्हणालं, "अगं, डिझेल बंदच आहे, चावी काकांच्या खिशात आहे."

मी म्हटलं, "असू दे. मला माणूस दिसायला पायजे."

काकांनी हाक मारली. सावंतदादा उतरले. दाढी केली नव्हती, तोंडात बडीशेप नव्हती. रात्रभर झोपला नाही हा माणूस, ते दिसत होतं. माझ्याकडं बघितलं नाही त्यांनी. मागच्या बोगीपाशी आले, काकांनी लावलेले गुटके एकेक पायानं ठोकून बघितले, आणि मग, कोणी काही बोलायच्या आत, त्या बोगीच्या पहिल्या चाकाच्या पुढं, रुळावर बसले. मांडी घालून नाही, दोन्ही पाय रुळावरनं पलीकडं टाकून. चाक आलं असतं तर आधी त्यांच्यावर आलं असतं.

"अहो दादा, उठा," काका म्हणाले.

"नाय," सावंतदादा म्हणाले. "ती असेपर्यंत मी हितं." मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाले, "जा बाय. कर तुझं."

मी रॉडच्या खालनं आत गेले. रूळ गार होता, ऊन अजून यायचं होतं. ग्रीसचा गोळा घेतला, खिळीत भरायला लागले, निम्मं खाली पडत होतं. मी बोलत राहिले, बोलायचं म्हणून, दादा आहात ना, आणि ते म्हणायचे, हाय, हाय. चाकाच्या आऱ्यांमधनं मला त्यांचे पाय दिसत होते. काळे बूट, एकाची लेस सुटलेली.

दोन्ही बूट थरथरत होते.